खेड्यातला टपालवाला आणि तोट्याचा हिशेब



टपालखाते तोट्यात चालते, हे वाक्य आपण पुष्कळदा ऐकतो आणि मान डोलावून म्हणतो, "खरंच आहे, आता पत्रं लिहितंय कोण?" आज मी या तोट्याविषयीच बोलणार आहे. हा तोटा येतो कुठून, आणि तो सोसतो कोण, एवढेच दोन प्रश्न आपण पाहू.

थोडे मागे जाऊ. 1854 पूर्वी आपल्या देशात पत्राची हशील अंतरावर ठरत असे. गाव जितके लांब, तितके पैसे जास्त. 1 ऑक्टोबर 1854 पासून हा भेद गेला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा. मग ते शेजारच्या गावी जावो, नाहीतर कलकत्त्याला. 1879 च्या जुलैत एका पैशाचे कार्ड निघाले आणि पुढच्याच वर्षी मनीऑर्डर सुरू झाली. या व्यवस्थेचे मर्म काय? शहराच्या दाट वस्तीत पत्र पोचवायला खर्च थोडा, डोंगरावरच्या वाडीत फार. पण दर दोघांना सारखाच. जवळच्याने दूरच्याचा भार थोडा उचलायचा, असा हा न बोललेला करार होता.

आता हिशेब पाहू. 2016-17 सालच्या सरकारी आकड्यांत एका पोस्टकार्डामागे खर्च 12 रुपयांच्या वर गेला होता, आणि मिळकत होती 50 पैसे. कुणी म्हणेल, कागदाच्या एवढ्याशा तुकड्याला 12 रुपये कशाला लागतात? लागतात ते कागदाला नव्हे, वाटेला. कार्ड पेटीतून काढायचे, शिक्का मारायचा, छाननी करायची, पिशवी बांधून मोटारीत घालायची, ती गावच्या शाखा डाकघरात उतरवायची आणि तिथून कुणीतरी पायी नाहीतर सायकलने वाडीवर जायचे. पिशवीत दोन पत्रे असोत की दोनशे, वाट तेवढीच. पत्रे घटली म्हणून ओढा अरुंद होत नाही आणि घाट बसका होत नाही. म्हणून टपाल कमी झाले की एकेका पत्राचा खर्च वाढतो.

मग हा खर्च भागतो कसा? काही भार सरकारी तिजोरी उचलते. पण दुसरा एक भार आहे, तो ताळेबंदात दिसत नाही. 1947 साली देशात 23,344 डाकघरे होती. आज ती दीड लाखाच्या वर आहेत आणि दहांतली नऊ खेड्यांत आहेत. गरीब देशाला एवढा विस्तार परवडला, कारण खेड्यातले काम पूर्ण वेळेच्या नोकरांवर सोपवलेलेच नव्हते. शिक्षक बंधुभगिनींनी हे मुद्दाम ऐकावे. जुन्या काळी गावचा शाळामास्तर किंवा दुकानदार हाच फावल्या वेळात पोस्टमास्तर असे. त्याचे पोट आपल्या मूळ धंद्यावर. टपालाचे चार पैसे वर. त्याच पद्धतीतून आजचा ग्रामीण डाक सेवक आला. असे सेवक देशात अडीच लाखांच्या आसपास आहेत.

पण काळ बदलला, काम बदलले, आणि ती समजूत मात्र तशीच राहिली. या सेवकाचे काम कागदोपत्री चार किंवा पाच तासांचे. त्याला जे मिळते त्याला पगार न म्हणता भत्ता म्हणतात. 2018 साली दर सुधारले, तेव्हा चार तास काम करणाऱ्या डाक सेवकाला आरंभी 10,000 रुपये आणि शाखा पोस्टमास्तराला 12,000 रुपये ठरले. महागाई भत्ता वेगळा. डाकघराला जागा हवी, तीही पोस्टमास्तरानेच द्यायची. खात्याच्या कायम नोकराचे निवृत्तिवेतन त्याला नाही. हे सुधारलेले दरही सहजासहजी आले नाहीत. कमलेश चंद्र समितीचा अहवाल 2016 मध्येच आला होता. अखेर 2018 च्या मे महिन्यात सेवकांनी संप केला, तो दोन आठवड्यांहून अधिक चालला, आणि मग जूनमध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली.

तुम्ही म्हणाल, चार तासांचे काम, मग चार तासांचे दाम. यात गैर काय? वरवर हे पटते. पण हे चार तास दिवसाच्या ऐन मध्यावर येतात. पिशवी आणणारी गाडी उशिरा आली की बटवडा लांबतो. यंत्राला रेंज नसली की गिऱ्हाईक ओट्यावर खोळंबते. ज्याचा दिवस असा मधोमध चिरला गेला, त्याला दुसऱ्याच्या शेतावर दिवसभराची मजुरी कोण देणार? शिवाय बचत खाती, विमा, पार्सले, सगळे त्याच्याच झोळीत. म्हणजे काम चार तासांचे, आणि अडकला सारा दिवस.

हा माणूस नसला तर काय बिघडेल, हे पडत्या काळात कळते. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला आणि कोकणात, साताऱ्याकडे, कोल्हापूरकडे घरोघर येणाऱ्या मनीऑर्डरी आटल्या. शहरातली मंदी खेड्यात पोचते कशी, तर टपालवाल्याच्या रिकाम्या हाताने! उलट 2020 च्या टाळेबंदीत एस. टी. बंद होती, तालुक्याची बँक गाठणे अवघड होते. तेव्हा हाच टपालवाला अंगठ्याचे यंत्र घेऊन दारी गेला आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांचे पैसे त्यांच्या हाती ठेवून आला. त्या दिवसांत पत्र नव्हते, पण वाट होती आणि वाटेने चालणारा माणूस होता.

आता खरी अडचण इथे आहे. कामाची मोजणी होते आणि तीवरून चार तास की पाच, हे ठरते. गाव गरीब असेल, साल दुष्काळाचे असेल, तर ठेवी कमी, विमे कमी, टपाल कमी. म्हणजे जिथे गरज जास्त तिथेच मोजणी तोकडी पडायची. तोटा आवरायला हवा, हे अर्थशास्त्र शिकवणारा मी नाकारीत नाही. पण तो सगळ्यात कमी मिळवणाराच्या घरातून भरून काढणे ही काटकसर नव्हे. सरकारला खेड्यात टपाल हवे असेल, तर त्याचे मोल उघडपणे अंदाजपत्रकात मांडावे आणि सेवकाला पोटापुरते वेतन व म्हातारपणाचा आधार द्यावा.

आपणही काही करू शकतो. 1972 साली पिनकोड आला. तो योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्यातलेच. शिक्षकांनी मुलांकडून पूर्ण पत्ता, वाडीच्या नावासह आणि पिनकोडासह, एकदा लिहून घ्यावा. अर्धवट पत्त्यापायी होणारा हेलपाटा त्या सेवकाचाच असतो. गावच्या डाकघरात एखादे खाते ठेवावे. मोजणीत तेही धरले जाते.

आणि एक विचार मनाशी ठेवा. गावच्या शाळेची मिळकत किती, असे आपण विचारीत नाही. गावच्या रस्त्याचा नफा काढीत नाही. मग डाकघरालाच तो प्रश्न का विचारावा?