निरोप पोहोचला पाहिजे



आपल्या वेळी कुणी दोन दिवस शाळेत दिसलं नाही, की बाई त्याच्या गावच्या मुलाला विचारायच्या, "काय रे, तो का येत नाही?" दुसऱ्या दिवशी निरोप हजर! त्या निरोपाची किंमत मला २०२० साली कळली.

मी इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. त्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि शेवटच्या वर्षाची मुलं घरोघरी गेली. माझ्याकडच्या एका प्रोजेक्टमध्ये चौघं होती. एक मुलगी आपल्या पेणची, एक मुलगा रोह्याजवळच्या खेड्यातला, दोघं घाटावरची. लॅबमध्ये शेजारी बसून करायचं सॉफ्टवेअर आता फोनवर बोलत, गिटवर टाकत करायचं होतं. गिट म्हणजे प्रोग्रामची सामायिक वहीच. कोणी, कधी, काय बदललं याची त्यात नोंद राहते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली ते बनवलं, जगभर विखुरलेल्या लोकांना लिनक्सवर मिळून काम करता यावं म्हणून. पण वहीत कुणी लिहिलंच नाही, तर ती तरी काय सांगणार?

३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आपल्या रायगडवर आदळलं. त्या मुलाच्या गावची वीज गेली, मोबाइल बंद पडले. आम्ही चार दिवस वाट पाहिली. सबमिशन जवळ आलं होतं. गटात कुरकुर सुरू झाली, "तो आधीपासूनच काही दाखवत नव्हता." मी त्याचा भाग दुसऱ्याला देऊन टाकला.

दहा-बारा दिवसांनी त्याचा फोन आला. घराचे पत्रे उडाले होते. आणि त्याचा भाग वादळाआधीच जवळजवळ तयार होता! "पूर्ण झाल्यावरच दाखवावं असं वाटलं, मॅडम." तो चुकला, पण जास्त चुकले मी. अर्धवट काम दाखवलं तर मॅडम रागावतील, ही भीती माझ्यामुळेच होती. शिवाय पेणहून रोह्याकडे जाणाऱ्या कुणाकडे तरी निरोप द्यावा, हे मला सुचलंच नाही.

पेणच्या मुलीच्या घरी गणपतीचा कारखाना. ती म्हणाली, "आमच्याकडे एक जण साच्यातून मूर्ती काढतो, दुसरा रंगवतो, डोळे आखणारा वेगळाच. मूर्ती ओली असली तर हात लावून कळतं. इथे 'अजून ओली आहे' असं तोंडानं सांगावं लागतं."

त्या दिवसापासून आम्ही नियमच केला. रोज रात्री प्रत्येकानं तीन ओळी लिहायच्या. आज काय झालं, काय अडलं, उद्या काय करणार. काम अर्धवट असलं तरी गिटवर टाकायचं. कुणी दोन दिवस गप्प असेल, तर आधी त्याची चौकशी करायची. त्या मुलाची मी सगळ्यांसमोर माफी मागितली. दोघांचं काम जुळवून प्रोजेक्ट वेळेत पूर्ण झाला.

आपल्या दहावीच्या ग्रुपवरही काही जण कित्येक महिने गप्प आहेत. आज ते इथेही दिसत नाहीत. बाईंनी विचारायच्या आत, जेवणं झाली की आपापल्या गावच्या एकेकाला फोन लावूया.