आपलं मीटर कोणाशी बोलतं?



स्मार्ट मीटर म्हटलं की सुलतानपुरातून पहिला प्रश्न येतो, "बिल वाढेल का?" माझं काम मीटरच्या संदेशवहनाचं, म्हणून मी विचारते: हे मीटर बोलतं कोणाशी?

ते दर १५ किंवा ३० मिनिटांचा वापर नोंदवतं आणि मोबाईल नेटवर्कवरून किंवा शेजारच्या मीटरांच्या रेडिओ साखळीतून वीज कंपनीला कळवतं. रेंज नसेल तर नोंद मीटरमध्येच साठते, रेंज आली की जाते.

१ जुलै २०२५ पासून महावितरणच्या अशा घरगुती मीटरवर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापराला सवलत लागू झाली. म्हणजे पाण्याची मोटर दुपारी लावलेली बरी. पण सवलत नीट मिळाली का, हे नोंदी पाहिल्याशिवाय कळत नाही. त्याच नोंदींवरून घर कधी रिकामं असतं, तेही कळतं. म्हणून त्या आपल्याला दिसाव्यात आणि परक्यांपासून जपल्या जाव्यात, हे दोन्ही आपण मागायला हवं.

सर, गणिताच्या तासाला तुम्ही ताळा करून पाहायला शिकवलंत. आता बिलाचाही करू.