हुशार होता, पण... : पीएस व्हिटाची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? बसमध्ये असाल आणि खिडकीची जागा मिळाली असेल, तर आज मजा आहे तुमची. नेहमीसारखंच, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा एपिसोड इथे लिहूनही ठेवतोय.

सुरुवात शाळेपासून करतो. प्रगतिपुस्तकावर एक शेरा असायचा, आठवतोय? "हुशार आहे, पण क्षमतेचा पुरेसा वापर करत नाही." माझ्या प्रगतिपुस्तकावर हा शेरा सलग तीन वर्षं होता. बाबा चिडायचे. आई म्हणायची, "अहो, निदान हुशार तरी म्हटलंय!"

आज ज्याच्याबद्दल बोलणार आहे त्यालाही जगानं हाच शेरा दिला. त्याचं नाव प्लेस्टेशन व्हिटा. सांगलीकरांनो, तुमचं विटा गाव नव्हे! लॅटिनमध्ये व्हिटा म्हणजे जीवन. सोनीनं २०११ च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये आणि २०१२ च्या फेब्रुवारीत बाकीच्या जगात आणलेला हातात धरून खेळायचा कन्सोल.

मी तेव्हा नववीत होतो. व्हिटाचे व्हिडिओ सायबर कॅफेत बघायचो, अर्ध्या तासाचे पैसे भरून. विकत घ्यायचा प्रश्नच नव्हता. तो हातात आला थेट २०२० मध्ये, नोकरी लागल्यावर, सेकंडहँड. स्वारगेटजवळ एका काकांनी आणून दिला. म्हणाले, "पोरगा आता पीसीवर खेळतो रे, हे नुसतं पडून होतं." बॉक्ससकट, स्क्रीनवर एक ओरखडा नाही. घरी आलो, चालू केला आणि पहिला विचार हाच आला की हे मशीन पडून का राहिलं?

आधी त्यात होतं काय ते बघू. पाच इंची ओएलईडी स्क्रीन, २०११ मध्ये! निन्टेन्डोच्या स्विचला ओएलईडी मिळाला २०२१ मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी. चार कोअरचा प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, ग्राफिक्ससाठी वेगळी १२८ एमबी मेमरी. दोन अ‍ॅनालॉग स्टिक. आधीच्या पीएसपीला एकच होती, त्यामुळे चालताना कॅमेरा फिरवायचा म्हटलं की बोटांची सर्कस व्हायची. शिवाय पुढे टचस्क्रीन, मागच्या बाजूला आख्खा टचपॅड, दोन कॅमेरे, आणि मशीन तिरकं केलं की कळणारे मोशन सेन्सर. गेम मध्येच थांबवून बटण दाबा, खिशात टाका, संध्याकाळी काढा, तिथूनच पुढे सुरू. हे सगळं २४९ डॉलरमध्ये. त्या किमतीत एवढं हार्डवेअर म्हणजे खरंच कमाल होती.

मग बिघडलं कुठे? बहुतेक लोक एका वाक्यात उत्तर देतात: "स्मार्टफोन आले ना!" मलाही बरीच वर्षं हेच वाटायचं. पण हे उत्तर पुरत नाही. कारण त्याच काळात, त्याच स्मार्टफोनच्या जगात निन्टेन्डोचा थ्रीडीएस विकला गेला जवळपास ७ कोटी ५९ लाख. व्हिटाचे आकडे सोनीनं पुढे वेगळे सांगणंच बंद केलं. अंदाज एक ते दीड कोटीच्या आसपास फिरतात. आणि व्हिटाच्या आधीचा पीएसपी? तो ७ कोटींच्या वर गेला होता.

आता गंमत बघा. थ्रीडीएसची सुरुवातसुद्धा वाईटच झाली होती. मार्च २०११ मध्ये अमेरिकेत २५० डॉलरला आला आणि विक्री अडकली. निन्टेन्डोनं काय केलं? ऑगस्टमध्ये, म्हणजे पाच महिन्यांत, किंमत १७० डॉलरवर आणली. ज्यांनी आधी जास्त पैसे देऊन घेतला होता त्यांना वीस जुने गेम फुकट दिले. वर्ष संपायच्या आत घरचे दोन मोठे गेम आणले, सुपर मारिओ थ्रीडी लँड आणि मारिओ कार्ट ७. आजार ओळखला, औषध दिलं, पोरगं उठून बसलं.

आणि व्हिटा? अमेरिकेत किंमत २०० डॉलरवर यायला ऑगस्ट २०१३ उजाडलं. दीड वर्ष गेलं. तोपर्यंत दुकानदारांनी शेल्फ रिकामं करून टाकलं होतं.

त्यात ते मेमरी कार्ड. हा भाग मला इंजिनिअर म्हणून जास्त लागतो. व्हिटाच्या पहिल्या मॉडेलमध्ये गेम ठेवायला आतली जागाच नव्हती. बरेच गेम तर कार्डाशिवाय सेव्हसुद्धा होत नव्हते. आणि कार्ड कुठलं? फक्त सोनीचं, फक्त व्हिटासाठीचं. अमेरिकेत ३२ जीबीचं कार्ड सुरुवातीला १०० डॉलरला होतं. तेव्हा त्याच आकाराचं साधं मायक्रोएसडी याच्या निम्म्याहूनही कमी किमतीत मिळायचं. म्हणजे २४९ चं मशीन घेऊन दुकानाबाहेर पडेपर्यंत ते ३५० च्या घरात. हे कशासाठी? पीएसपीवर पायरसीचा सुळसुळाट झाला होता. त्याची धास्ती होती आणि ती खोटी नव्हती. पण चोर येऊ नये म्हणून लावलेलं कुलूप घरमालकालाच दर वेळी पैसे देऊन उघडावं लागत असेल, तर लोक ते घर घेतीलच कशाला?

आता गेम्सकडे येऊ, कारण शेवटी मशीन कोणी मशीनसाठी घेत नाही.

जपानमध्ये पीएसपी चालला त्यात मोठा वाटा मॉन्स्टर हंटरचा. त्याचा एक भाग, मॉन्स्टर हंटर पोर्टेबल थर्ड, पीएसपीवर ४० लाखांहून जास्त खपला. मित्र जमवायचे, चार मशीन जवळ आणायची आणि राक्षसाच्या मागे लागायचं. २०११ मध्ये कॅपकॉमनं पुढचे भाग थ्रीडीएससाठी जाहीर केले. व्हिटा दुकानात यायच्या आधीच त्याची हक्काची गर्दी दुसऱ्या रांगेत गेली.

मग सोनीचे स्वतःचे गेम उरले. पहिल्या दिवशी आला अनचार्टेड: गोल्डन अ‍ॅबिस. दिसायला जबरदस्त! पण त्यात प्रत्येक सेन्सर वापरायचाच असा हट्ट दिसतो. एका ठिकाणी जुना कागद वाचायला कन्सोलचा कॅमेरा खऱ्याखुऱ्या उजेडासमोर धरावा लागतो. आता रात्रीच्या एसटीत, दिवे बंद असताना खेळणाऱ्यानं काय करायचं? कंडक्टरला म्हणायचं का, "मामा, जरा लाईट लावा, नकाशा बघायचाय"?

हीच सगळी फीचर्स एका गेमनं मात्र अशी वापरली की बास. टेअरअवे. मीडिया मॉलिक्यूल या ब्रिटिश स्टुडिओचा, २०१३ चा. सगळं जग कागदाचं. तुम्ही मागच्या टचपॅडवर बोट टेकवता आणि गेममधल्या जमिनीतून कागद फाडून तुमचं बोट वर येतं! आकाशातल्या सूर्यात पुढच्या कॅमेऱ्यातून तुमचा स्वतःचा चेहरा दिसतो. एका प्राण्याच्या अंगावरचा रंग उडालेला असतो, त्याला तुम्ही कॅमेऱ्यानं कुठलाही पोत टिपून द्यायचा. मी आमच्या घरातल्या गोधडीचा फोटो काढला. पुढचा अर्धा तास तो प्राणी आजीच्या गोधडीत फिरत होता. आजीला दाखवलं तर म्हणाली, "अरे, त्याला थंडी वाजत असेल." एवढं महागडं मशीन आणि माझी आजी यांच्यात दुसऱ्या कुठल्या गेमनं असं नातं जुळवलं नसतं.

आणि हा गेम बाजारात कधी आला? नोव्हेंबर २०१३. त्याच महिन्यात प्लेस्टेशन ४ आला. सगळं जग तिकडे बघत होतं. टेअरअवे फारसा खपला नाही.

तशीच ग्रॅव्हिटी रश. त्यातली कॅट गुरुत्वाकर्षणाची दिशा बदलते आणि आकाशात "पडते". नेम धरायला मशीन किंचित तिरकं करायचं, इतकं सहज की हे कळायला आपल्याला वेळच लागत नाही. पर्सोना ४ गोल्डन तर दिवसा-दिवसात कापलेला गेम, प्रवासात रोज एक दिवस जगायला एकदम योग्य. पण असे गेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. लहान स्टुडिओंच्या इंडी गेम्सनी आणि जपानी गेम्सनी पुढची काही वर्षं व्हिटाला जगवलं. सोनीचे स्वतःचे मोठे गेम मात्र २०१५ पर्यंत जवळपास थांबले होते. २०१९ च्या मार्चमध्ये उत्पादनही बंद झालं.

आता मला नक्की काय म्हणायचंय ते सांगतो. मागच्या वर्षी ऑफिसात आमच्या टीमनं सहा महिने खपून एक फीचर बनवलं. चांगलं होतं, खरंच. पण ते तीन मेनूंच्या आत ठेवलं गेलं. दोन महिन्यांनी मीटिंगमध्ये ग्राफ दाखवला: "यूजर्स वापरत नाहीयेत." फीचर काढून टाकलं. त्या संध्याकाळी घरी येऊन मी व्हिटा चालू केला आणि पहिल्यांदा त्याची कीव न येता राग आला. कारण "वापरलं गेलं नाही" आणि "वापरण्यासारखं नव्हतं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ग्राफवर त्या सारख्याच दिसतात. "क्षमतेचा वापर करत नाही" हा शेरा आपण नेहमी पोराला देतो. त्याला पुस्तकं कोणी दिली, वेळ कोणी दिला, हे कोणी विचारत नाही.

व्हिटाची कल्पना बरोबर होती याचा पुरावा नंतर आला. घरच्या कन्सोलसारखे मोठे गेम हातात हवेत, हे म्हणणाऱ्या स्विचनं १५ कोटींचा आकडा ओलांडला. २०२२ मध्ये स्टीम डेक आला. पर्सोना ४ गोल्डन २०२० मध्ये पीसीवर आला आणि तिथे दहा लाखांच्या वर खपला. फ्रीडम वॉर्स हा व्हिटाचा गेम २०२५ मध्ये नव्यानं सजून बाकीच्या मशीन्सवर आला. पोरं मोठी होऊन नाव काढतायत, फक्त घर राहिलं नाही.

आणि लोकांनी घर सोडलेलंही नाही. २०२१ मध्ये सोनीनं व्हिटाचं ऑनलाइन दुकान बंद करायचं जाहीर केलं. चाहत्यांनी इतकी बोंब मारली की काही आठवड्यांतच निर्णय मागे घ्यावा लागला. हौशी प्रोग्रॅमर लोकांनी तर गेम कार्डाच्या खाचेत साधं मायक्रोएसडी बसेल असं अ‍ॅडॉप्टर बनवलं. अँड्रॉइडवरचा जीटीए सॅन अँड्रियास व्हिटावर चालवून दाखवला. पगार नाही, प्रमोशन नाही. कंपनीनं जिथे हात टेकले तिथून यांनी सुरुवात केली.

तर मंडळी, घरात कपाटात जुना कन्सोल, जुना कॅमेरा, काहीही पडून असेल, तर या रविवारी चार्जिंगला लावा. आणि पुढच्या वेळी कोणी तुम्हाला "पोटेन्शियल आहे, पण..." असं म्हणालं, तर शांतपणे विचारा, "सर, माझं मेमरी कार्ड कुठे आहे?"

तुमचा असा कुठला आवडता गेम किंवा गॅजेट आहे ज्याचं चीज झालं नाही? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवतो. आजी अजून विचारते, "तो गोधडीवाला प्राणी कसा आहे रे?" मजेत आहे म्हणून सांगतो. तुम्हीही मजेत राहा. भेटू पुढच्या वेळी!