उत्तर कोणतं धरायचं?

 

आज तुम्हाला एका भांडणाची गोष्ट सांगते. भांडण धुऱ्यावरून नव्हतं, नळाच्या पाण्यावरूनही नव्हतं. मोबाईलवरच्या प्रश्नमंजूषेवरून होतं. चूक माझी होती, म्हणून मीच सांगते.

१२ जानेवारीला जिजाऊ जयंती असते. सिंदखेडराजा आपल्याच जिल्ह्यातलं. म्हणून आमच्या ग्रामसंघाने ठरवलं, की यंदा मोबाईलवर प्रश्नमंजूषा घ्यायची. वीस प्रश्न, उत्तर स्वतः टाइप करायचं, पहिल्या नंबरला स्टीलचा मोठा गंज. प्रश्न मी काढले, बरोबर उत्तरंही मीच भरून ठेवली.

एक प्रश्न होता, जिजाऊंचा जन्म कुठे झाला? मी भरलेलं उत्तर 'सिंदखेडराजा'. आमच्या गटातल्या एका काकूंनी लिहिलं 'शिंदखेड'. काकूंनी साठी ओलांडलेली. नातवाजवळ बसून महिनाभर टाइप करणं शिकल्या होत्या. फोनने लाल फुली दाखवली आणि एका गुणाने गंज गेला.

काकू म्हणाल्या, "काहो बाई, जिजाऊचं गाव मले मालूम नाई का? आमी तं बोलताना शिंदखेडच म्हणतो."

गटातली एक सून शिकलेली आहे. ती म्हणाली, "पण काकू, शिंदखेडा धुळे जिल्ह्यातही आहे. अर्धं नाव लिहिलं तर तुम्ही कोणतं म्हणता ते कसं कळणार? नियम सगळ्यांना सारखा पाहिजे."

दोघींचंही खोटं नव्हतं. पण शब्दाला शब्द वाढला. पुढच्या दोन बैठकांना काकू आल्याच नाहीत. बचतीचे पैसे नातवाच्या हाती पाठवले. तेव्हा माझ्या मनाला लागलं. जी बाई पहिल्यांदा स्वतःच्या बोटाने फोनवर लिहायला शिकली, तिला आपण सांगितलं, की तुला काही येत नाही.

मग मी वीसही प्रश्न पुन्हा काढून बसले. कोणाचं काय चुकलं आणि का चुकलं, ते पाहिलं. तीन तऱ्हा सापडल्या.

पहिली तऱ्हा अक्षरांची. फोनला जिजाऊ माहीत नाहीत. तो फक्त अक्षराला अक्षर जुळवतो. आपण भरलं तेच हुबेहूब आलं तर बरोबर, नाहीतर चूक. 'सिंदखेड राजा' असं मध्ये जागा सोडून लिहिलं, तरी चूक. उत्तर '३६' भरलं आणि कोणी 'छत्तीस' लिहिलं, चूक. आपल्या 'वऱ्हाड' शब्दातलं जोडाक्षर तर दोन रीतींनी टाइप होतं. डोळ्याला एकच दिसतं, फोनला दोन वेगळे शब्द वाटतात. यात उत्तर देणारीचा काय दोष? गुगल फॉर्ममध्ये एका प्रश्नाला एकापेक्षा जास्त बरोबर उत्तरं भरता येतात, नंतर हाताने गुणही देता येतात. मला ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

दुसरी तऱ्हा बोलीची. मी एका भांड्याचा फोटो टाकून नाव विचारलं होतं. उत्तर भरलं 'पातेले', कारण पुस्तकात तसंच असतं. सगळ्यांनी लिहिलं 'गंज'. बक्षीस गंजाचं, आणि गंज लिहिलं तर चूक! 'कपाशी'च्या जागी एकीने 'पऱ्हाटी' लिहिलं, तिचंही गेलं. आपल्या शेतातला आणि चुलीवरचा शब्द चुकीचा कसा होईल? लोणारचं सरोवर कशामुळे झालं, तर कोणी उल्का लिहिते, कोणी अशनी. जमिनीवर येऊन पडते ती अशनी, हे शास्त्राप्रमाणे खरं. पण आकाशातून दगड पडून खड्डा झाला हे दोघींनाही माहीत आहे ना? मग दोन्ही धरावं.

तिसरी तऱ्हा खऱ्या-खोट्याची, आणि इथे मात्र ढील देऊ नये. महाराष्ट्रात जिल्हे किती? १ मे १९६० ला राज्य झालं तेव्हा २६ होते. आपल्या शेजारचा वाशिम १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झाला. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर झाला, तेव्हापासून ३६. जुन्या पुस्तकात पाहून ३५ लिहिलं, तर वाईट वाटलं तरी ते चूकच. कधी प्रश्नच चुकतो. भारताचा राष्ट्रीय खेळ म्हणून आपण हॉकी घोकलं. लखनौच्या एका शाळकरी मुलीने माहितीच्या अधिकारात विचारलं, तेव्हा २०१२ साली सरकारनेच कळवलं, की कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही. असा प्रश्न सरळ रद्द करावा.

आता कोणी म्हणेल, एवढ्याशा खेळाचं काय घेऊन बसलात? बायांनो, आधारवर एक नाव आणि पासबुकावर दुसरं, म्हणून आपल्यातल्या कितीजणींचे पैसे अडकतात! एका वेलांटीपायी चकरा माराव्या लागतात. तिथला नियम आपल्या हातात नाही. इथे तर नियम करणाऱ्या आपणच. मग तोच जाच आपण एकमेकींना कशाला करायचा?

शेवटी मी काकूंच्या घरी गेले, चूक कबूल केली. आमची प्रश्नमंजूषा बुलडाणा जिल्ह्याची, प्रश्न जिजाऊंचा. तिथे 'शिंदखेड' म्हणजे धुळ्याचं शिंदखेडा कोणाच्या मनात येणार? उत्तर बरोबर धरलं. आधी दिलेला गंज परत मागणं शोभलं नसतं. दुसरा मी खामगावच्या बाजारातून माझ्या पैशाने आणला, गटाच्या बचतीला हात लावला नाही.

तुमच्या गटात प्रश्नमंजूषा घ्याल तर एवढं करा. कोणती उत्तरं धरायची ते खेळाच्या आधी ठरवा आणि वहीत लिहा. निकाल लावायला तिघी बसा, प्रश्न काढणारी एकटी नको. त्यात एक जुनी जाणती असू द्या. हरकत घ्यायला एक दिवस ठेवा आणि बक्षीस त्यानंतरच द्या. टाइप करणं जड जात असेल तर चार पर्याय द्या. २०१९ साली 'कौन बनेगा करोडपती'त एक कोटी जिंकणाऱ्या बबिता ताडे आपल्याच वऱ्हाडातल्या, अंजनगाव सुर्जीच्या, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या. तिथेही पर्यायच असतात. शुद्धलेखन आडवं येत नाही.

आमच्याकडे पुढच्या वेळी निकालाला काकूच बसल्या होत्या. त्या शिकलेल्या सुनेने घाईत जिल्हे ३५ लिहिले. ती म्हणाली, "काकू, एकाचाच तर फरक आहे." काकूंनी चष्मा वर केला. "पालघरच्या बाया काय आपल्या नाईत का? चूक हाय पोरी." सगळ्या हसल्या, आणि सुनेने मुकाट्याने मान्य केलं.