वरून पैसा आला नाही
(कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



रोजगार हमीचा पगार मागायला गेलो की साहेब काय सांगतो? वरून पैसा आला नाही. मागच्या उन्हाळ्यात आमच्या पाड्यावर बंधाऱ्याच्या कामाचे पैसे असेच अडकले. आईने तेव्हा तांदूळ उधार आणले. आज मी अमेरिकेची गोष्ट सांगणार आहे. हसू नका, तिथंही आदिवासी आहेत.

अमेरिकेचं सरकार स्वतः कर्जावर चालतं. कर्ज किती काढायचं याची मर्यादा तिथली संसद ठरवते. तिला काँग्रेस म्हणतात, पण ती आपली पंजावाली नव्हे. १९९५ साली मर्यादा होती ४ लाख ९० हजार कोटी डॉलर, आणि कर्ज तिथवर पोचलं. संसदेत बहुमत रिपब्लिकनांचं, अध्यक्ष क्लिंटन दुसऱ्या पक्षाचे. रिपब्लिकनांचा पुढारी गिंग्रिच. त्यांनी अट घातली की म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याचा, गरिबांचा खर्च कापा, सात वर्षांत जमाखर्च जुळवा. क्लिंटननी नाही म्हटलं. कुणी हटेना. १४ नोव्हेंबरला सरकारी कचेऱ्या बंद पडल्या. त्या उघडल्या, आणि १६ डिसेंबरपासून पुन्हा २१ दिवस बंद.

आता बघा, कुणाचं काय थांबलं.

कर्ज देणाऱ्यांचं व्याज थांबलं नाही. त्यासाठी अर्थमंत्री रुबिन यांनी सरकारी नोकरांच्या पेन्शन फंडाचा आधार घेतला.

राजधानी वॉशिंग्टन शहराची कामं मात्र थांबली. तिथल्या रहिवाशांना संसदेत मत देणारा प्रतिनिधीच नाही, आणि त्यांनी भरलेला करसुद्धा तेव्हा संसदेच्या मंजुरीशिवाय खर्च करता येत नव्हता. शहर आधीच कंगाल, कारभारावर वेगळं मंडळ बसवलेलं. तरी त्याच ऑक्टोबरात भर शहरात खेळांच्या मोठ्या इमारतीचं काम सुरू झालं. इमारत मालकाच्या पैशाने, पण जागा तयार करायला कर्ज शहराने काढायचं. यातून धंदा वाढेल, विकास होईल असं एक बाजू सांगत होती. शेजारी चिनी लोकांची जुनी वस्ती, तिचं काय होणार हा दुसऱ्या बाजूचा सवाल होता. विकास म्हटलं की आपल्याला धरणच आठवतं, शहरातल्या गरिबाला हे आठवत असेल.

आणि आदिवासी? त्यांच्या खात्याचे सगळे १३ हजार ५०० नोकर घरी पाठवले. ५३ हजार गरजू आदिवासींची मदत लांबली. आणखी २५ हजारांना त्यांच्या जमिनीतल्या तेला-वायूचे पैसे वेळेवर मिळाले नाहीत.

मदतीचं एक वेळ सोडा. तेलाचे पैसे तर त्यांच्याच जमिनीचे ना? १८८७ च्या कायद्याने तिथल्या जमातींची सामायिक जमीन तोडून माणशी तुकडे केले, उरलेली गोऱ्यांना खुली केली. तुकड्याचा मालक आदिवासी, पण कारभार सरकारकडे, का तर म्हणे याला व्यवहार कळत नाही. खंड सरकारने घ्यायचा, मग मालकाला द्यायचा. कर्ज सरकारचं, भांडण दोन पक्षांचं, आणि अडकले याचे पैसे!

१९९६ च्या जूनमध्ये ब्लॅकफीट जमातीच्या एलुईज कोबेल या बाईंनी, इतरांना सोबत घेऊन, सरकारवर दावा लावला. त्या बरीच वर्षं जमातीच्या खजिनदार होत्या. त्यांची मागणी होती, आमच्या पैशाचा हिशेब दाखवा.

आपण सोमवारी तहसीलवर जातोय. प्रत्येकाने कामाच्या तारखा आणि मुकादमाचं नाव कागदावर आणा. लिहिता येत नसेल तर रविवारी रात्री माझ्याकडे या, मी लिहून देईन.