रोव्हर्स करंडक आणि हैदराबादचे पोलीस

मुंबईची रोव्हर्स करंडक फुटबॉल स्पर्धा १८९१ मध्ये सुरू झाली. पहिला करंडक वूस्टरशायर रेजिमेंटने नेला आणि पुढची कित्येक वर्षे ही गोऱ्या पलटणींचीच स्पर्धा राहिली. १९२३ मध्ये कोलकात्याचा मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत पोचला, पण डरहम लाइट इन्फंट्रीने त्याला ४-१ असे हरवले. करंडक जिंकणारा पहिला भारतीय संघ ठरला तो बंगळूर मुस्लिम्स, १९३७ मध्ये.

स्पर्धा पश्चिम भारताची. तिच्यावर सर्वांत भारी छाप मात्र दख्खनच्या एका पोलीस संघाने पाडली. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स करंडक हैदराबाद सिटी पोलिसांकडे राहिला. तेव्हा आदिलाबाद, नांदेड, औरंगाबाद ही सारी एकाच हैदराबाद राज्यात होती. म्हणजे मुंबईत जिंकणारा हा संघ त्या राज्यातल्या मराठी, तेलुगू, उर्दू आणि गोंडी बोलणाऱ्या सगळ्यांच्याच राजधानीचा.

या यशामागे होते सय्यद अब्दुल रहीम, जन्म १९०९, पेशाने शिक्षक. उस्मानिया विद्यापीठातून शिकून त्यांनी हैदराबादच्या काचीगुडा, चादरघाट अशा शाळांत शिकवले आणि १९५० मध्ये पोलीस संघाची सूत्रे हाती घेतली. लोक त्यांना रहीम साहेब म्हणत. त्यांची शिकवण्याची रीत वर्गातल्यासारखीच होती, एका वेळी एक दोष घेऊन तो घालवायचा. चेंडू पायाशी खेळवत राहण्याची हौस मोडायची म्हणून त्यांनी ड्रिब्लिंगला बंदी असलेले सामने भरवले. चेंडू आला की तो पुढे द्यायचाच. कच्च्या पायाने खेळायच्या स्पर्धाही घेतल्या. शाळेच्या मैदानावर आजही दोन्ही प्रयोग बिनखर्चात करता येतील.

रहीम साहेबांचे काम पोलीस संघापुरते उरले नाही. १९५१ च्या दिल्ली आशियाई खेळांत भारताने सुवर्णपदक जिंकले ते त्यांच्या मार्गदर्शनाखाली. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये बरेचसे अनवाणी खेळणाऱ्या भारताला युगोस्लाव्हियाने १०-१ असे धुतले, आणि त्यानंतर बूट सक्तीचे झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. तिथे मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. संघाची आखणी हैदराबादच्या या मास्तरांची होती. १९६२ मध्ये जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ असे नमवून भारताने पुन्हा आशियाई सुवर्ण मिळवले. रहीम साहेब तेव्हा कर्करोगाने खंगलेले होते. ११ जून १९६३ रोजी त्यांचे निधन झाले.

मेलबर्न ऑलिंपिक सुरू झाले त्याच महिन्यात, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, हैदराबाद राज्य विसर्जित झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला. आदिलाबाद आंध्र प्रदेशात आले, पण जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा सीमेपलीकडे गेले. फुटबॉलला मात्र ही बातमी उशिरा कळली असे म्हणावे लागेल, कारण राज्यांच्या संघांच्या संतोष करंडकात १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी दोन्ही वर्षे विजेत्याचे नाव ‘हैदराबाद’ असेच लागले. राज्य नकाशावर असताना जे जमले नव्हते, ते त्याच्या नावाने नंतर साधले. पोलीस संघ पुढे आंध्र पोलीस म्हणून ओळखला जाऊ लागला. दोन्ही नावे मिळून त्याने रोव्हर्स करंडक नऊ वेळा जिंकला. त्यातला १९६२ चा ईस्ट बेंगालसोबत विभागून.

त्यानंतर पारडे कोलकात्याकडे झुकले. मोहन बागानने १४ वेळा हा करंडक जिंकला, तो विक्रम कायम राहिला. रहीम साहेबांनंतर हैदराबादच्या फुटबॉलला ओहोटी लागली. तशी शिस्त लावणारा दुसरा माणूस त्याला लाभला नाही. १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली, क्लबांचे वेळापत्रक तिच्याभोवती फिरू लागले आणि जुन्या निमंत्रित स्पर्धा मागे पडल्या. २०००-०१ च्या हंगामात मोहन बागानने जिंकलेला रोव्हर्स करंडक हा शेवटचा.