डॉक्टरांचीही वही असते

रोवणीची धावपळ सुरू आहे. हात बांधीत असले तरी कान इकडे असू द्या, कारण आज बोलायचं आहे ते आपल्या जिवाबद्दल आणि आपल्या पैशाबद्दल.

परवा एका गटाच्या बैठकीत मी कर्जाची वही बघत होते. कारणाच्या रकान्यात एका काकूंच्या नावापुढे तीनदा एकच शब्द होता, दवाखाना. काकूंचे गुडघे दुखायचे. दर आठवड्याला सुई आणि मधूनमधून सलाईन. मी विचारलं, "काकू, त्या डॉक्टरांचं शिक्षण काय?" त्या म्हणाल्या, "काय माहीत बाई, पण हाताला गुण आहे त्यांच्या." चिठ्ठी मागितली. कोऱ्या कागदावर दोन गोळ्यांची नावं. डॉक्टरचं नाव नाही, पदवी नाही, नंबर नाही. पुढे ग्रामीण रुग्णालयात तपासलं, तर काकूंची साखर खूप वाढलेली निघाली. त्या सुईत काय होतं, ते आजही कोणी सांगू शकत नाही, कारण कुठे लिहिलेलंच नव्हतं.

विचार करा. हजार रुपयांचं कर्ज देताना आपण ठराव लिहितो, सही घेतो, परतफेडीची तारीख ठरवतो. आणि अंगात सुई घेताना साधं नावही विचारत नाही!

आता ऐका. डॉक्टरचं काम कॉलेजातून पदवी मिळाली की संपत नाही. आपल्या राज्यात एमबीबीएस आणि त्यापुढे शिकलेल्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये होते. आयुर्वेदाच्या, म्हणजे बीएएमएस डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते, आणि होमिओपॅथीची परिषद वेगळी आहे. प्रत्येकाला एक नोंदणी क्रमांक मिळतो. मेडिकल कौन्सिलची नोंदणी दर ५ वर्षांनी नवी करावी लागते. नुसती फी भरून ती होत नाही. त्या ५ वर्षांत ३० तासांचं नवं शिक्षण घेतल्याचा हिशेब द्यावा लागतो. कार्यशाळा, व्याख्यानं, परिषदा यांना हजर राहिलं की त्याचे गुण जमा होतात. आपल्या गटाचं जसं दरवर्षी ऑडिट होतं, तसंच हे समजा.

तुम्ही म्हणाल, एवढं शिकून आलेल्या माणसाला पुन्हा शाळा कशाला? कारण औषधाचं ज्ञान बदलत राहतं. साप चावला की वर घट्ट दोरी बांधायची, असं आपल्या आईवडिलांनी सांगितलं. आज डॉक्टर सांगतात, घट्ट बांधू नका, कापू नका, चोखू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका आणि ताबडतोब रुग्णालय गाठा. लेकराला हगवण लागली तर पूर्वी मीठ-साखरेचं पाणी पुरेसं वाटायचं. आता ओआरएससोबत १४ दिवस झिंकची गोळी देतात. २०१८ साली विदर्भात स्क्रब टायफसचे बरेच रुग्ण निघाले. गवतात-झुडपांत असणारा बारीक किडा चावून हा ताप येतो. वेळेत ओळखला तर साध्या गोळ्यांनी बरा होतो, उशीर झाला तर जीवावर बेततो. ज्या डॉक्टरने याबद्दल ऐकलेलंच नाही, तो हा ताप ओळखणार कसा?

त्या बैठकीत एक ताई म्हणाली, "ताई, नंबर कसा विचारायचा? डॉक्टर रागावले तर?" अगं, विचारायचीही गरज पडू नये असा नियम आहे. २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा आणि चिठ्ठीवर, दाखल्यावर, पैशाच्या पावतीवर लिहायचा. दिसला नाही तर नम्रपणे म्हणा, "डॉक्टरसाहेब, गटाच्या वहीत लिहायला नंबर द्या ना." खरा डॉक्टर यावर रागावणार नाही. उलट ज्याने मेहनतीने नोंदणी टिकवली आहे, त्याला बरंच वाटेल. मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव किंवा नंबर टाकून शोधता येतं. कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलींना हे काम पाच मिनिटांचं आहे.

एक गोष्ट मात्र सांगते. नंबर आहे म्हणजे डॉक्टर उत्तमच, असं नाही. ५ वर्षांत ३० तास म्हणजे वर्षाला फक्त ६ तास. ही कमीत कमी अट आहे. पण जिथे नंबरच नाही, तिथे चूक झाली तर दाद मागायची कोणाकडे? असा माणूस गावात सुया टोचत असेल, तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. एकटीने नको, गटाच्या नावाने द्या. आणि हे ऐकून चालू असलेल्या गोळ्या मनाने बंद करू नका. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवा, मग ठरवा.

त्या काकूंच्या गटाने आता एक ठराव केला आहे. दवाखान्यासाठी कर्ज देताना कोणाला नाही म्हणायचं नाही, पण वहीत डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक लिहायचा आणि चिठ्ठी जपून ठेवायची. पहिली नोंद काकूंचीच झाली. अंगठा उठवणाऱ्या काकूंनी नातीकडून तो नंबर दोनदा वाचून घेतला.

तुमच्या पुढच्या बैठकीत हा एक रकाना वाढवा. काही अडलं तर आशाताईंना विचारा, मलाही विचारा. तब्येत सांभाळा, बांधीत जाताना पायाखाली बघून चाला. नमस्कार!